नोंद कोणाची, उपयोग कोणाचा? : लहान व्यवसाय आणि डिजिटल व्यवहार

भारतात शेती आणि बांधकाम वगळता, कंपनी म्हणून नोंदणी न झालेल्या आस्थापनांची, म्हणजे किराणा दुकाने, पिठाच्या गिरण्या, शिंपीकाम, लेथवर जॉबवर्क करणारे छोटे कारखाने, खानावळी, घरगुती पापड-लोणच्याचे उद्योग अशा सर्वांची संख्या २०२३-२४ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार सुमारे ७ कोटी ३४ लाख आहे आणि त्यांत १२ कोटींहून अधिक माणसे काम करतात. यांपैकी बहुतांश ठिकाणी पगारी कामगार नसतो. मालक आणि घरातली एक-दोन माणसे एवढ्यांवर सगळा व्याप चालतो. याच पाहणीनुसार व्यवसायासाठी इंटरनेट वापरणाऱ्या आस्थापनांचे प्रमाण एका वर्षात २१.१ टक्क्यांवरून २६.७ टक्क्यांवर गेले. वाढ लहान नाही, परंतु चारांतले जवळपास तीन व्यवसाय अजून त्या वर्तुळाबाहेर आहेत, हेही त्याच आकड्यातून दिसते.

हे व्यवसाय बाहेर का राहिले, याचे कारण सहसा व्यावसायिकाच्या अज्ञानात किंवा त्याच्या भीतीत शोधले जाते आणि मग प्रशिक्षण शिबिरे, सवलतीतले संगणक, मोफत ॲप असे उपाय सुचवले जातात. गेल्या दहा वर्षांतील घडामोडी मात्र या निदानाला पुष्टी देत नाहीत. ज्या साधनाने धंद्यातली रोजची अडचण सोडवली आणि त्याचा भार व्यावसायिकावर टाकला नाही, ते साधन शिबिरांची वाट न पाहता गल्लीबोळांत पोहोचले. आणि ज्या साधनातून तयार झालेली नोंद उद्या आपल्याच विरुद्ध वापरली जाईल असे वाटले, ते लावलेले असतानाही काढून टाकले गेले. प्रत्येक डिजिटल साधन मुळात नोंद करण्याचे साधन असते. ती नोंद कोणाच्या ताब्यात जाते आणि तिचा लाभ कोणाला होतो, या प्रश्नाला बगल देऊन लहान व्यवसायांना मदत करण्याच्या योजना आखल्या तर त्या कागदावरच राहण्याचा धोका मोठा आहे.

यशाचे उदाहरण आधी पाहणे योग्य ठरेल. रिझर्व्ह बँक आणि भारतीय बँकांची संघटना यांच्या पुढाकाराने २००८ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन या संस्थेने ११ एप्रिल २०१६ रोजी मुंबईत यूपीआय ही व्यवस्था सुरू केली. एका बँकेतील खात्यातून दुसऱ्या बँकेतील खात्यात, मोबाइलवरून, तत्क्षणी आणि दिवसाच्या कोणत्याही वेळी पैसे पोहोचवणारी ही सामाईक यंत्रणा आहे. ग्राहक कोणतेही ॲप वापरो आणि दुकानदाराचे खाते कोणत्याही बँकेत असो, व्यवहार होतो. त्याआधी लहान दुकानदारापुढे कार्डाच्या यंत्राचा पर्याय होता; परंतु त्या यंत्राचे भाडे होते, प्रत्येक व्यवहारावर ठरावीक टक्के कपात होती आणि पैसे खात्यात यायला वेळ लागत असे. साखर, तेल, डाळ यांवर ज्याला अगदी थोडा नफा सुटतो त्या दुकानदाराने कार्ड नाकारणे हा मागासलेपणा नव्हता, तो साधा हिशेब होता. यूपीआयमध्ये कागदावर छापलेली क्यूआर कोडची चौकट एवढीच सामग्री लागली आणि १ जानेवारी २०२० पासून या व्यवहारांवर दुकानदाराकडून घेतले जाणारे शुल्क शून्य करण्यात आले. सप्टेंबर २०१६ पासून मोबाइल डेटा एकदम स्वस्त झाला, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधील नोटाबंदीने रोकड आटली आणि पुढे करोनाच्या काळात नोटा हाताळणे लोक टाळू लागले; या तिन्ही घटनांचा हातभार मोठा होता हे खरे, तरी नोटाबंदीनंतर रोकड परत आल्यावरही यूपीआयचा वापर वाढतच गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये एका महिन्यातील व्यवहारांची संख्या २,००० कोटींच्या वर गेली आणि त्यांतील मोठा हिस्सा दुकानात किंवा हातगाडीवर दिलेल्या किरकोळ रकमांचा आहे.

या प्रसारात साउंडबॉक्स या छोट्या उपकरणाचा वाटा जेवढा मान्य व्हायला हवा तेवढा झालेला नाही. सुरुवातीच्या काळात दुकानदाराची खरी अडचण पैसे खरोखर आले की नाही हे कळण्याची होती. गर्दीच्या वेळी एका हाताने तराजू सांभाळत असताना मोबाइल उघडून संदेश तपासणे शक्य नसते आणि पैसे भरल्याचे खोटे छायाचित्र दाखवून निघून जाणाऱ्या ग्राहकांमुळे फसवणुकीचे प्रकार वाढले होते. २०१९ च्या सुमारास बाजारात आलेल्या या पेटीने मिळालेली रक्कम दुकानदाराच्या भाषेत मोठ्याने सांगायला सुरुवात केली आणि ज्याला वाचता येत नाही, ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा ज्याचा फोन दिवसभर मुलाकडे असतो, अशा विक्रेत्यालाही ती उपयोगी पडली. महिन्याला भाडे मोजावे लागत असूनही ती खपली. शुल्क शून्य असलेल्या व्यवस्थेत लोक पैसे खर्च करून एखादी गोष्ट जोडून घेतात, तेव्हा त्यांची नेमकी गरज काय होती हे त्यातून समजते. ती गरज खात्रीची होती, आणि ही खात्री इंग्रजी संदेशांमधून मिळणारी नव्हती.

तथापि, पैसे स्वीकारणे डिजिटल झाले म्हणजे व्यवसाय डिजिटल झाला, असे मानणे घाईचे ठरेल. यूपीआयला रक्कम कळते, माल कळत नाही. दिवसभरात १८,००० रुपये जमा झाले हे खात्यावर दिसते. त्यांतले किती साबणाचे, किती तांदळाचे, कोणत्या मालावर किती सुटले, कोणता माल तीन महिने फळीवर पडून आहे आणि कोणाची उधारी वसूल झाली, हे त्या नोंदीत कुठेच नसते. पारंपरिक पेढीवर रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन स्वतंत्र वह्या असत. रोजकीर्दीत दिवसाचे जमाखर्च ओळीने उतरत आणि खतावणीत तेच व्यवहार माणसानुसार व मालानुसार खात्यांवर मांडले जात. यूपीआयने रोजकीर्दीचा एक भाग आपोआप लिहून दिला आहे. खतावणी अजून दुकानदाराच्या डोक्यात किंवा उधारीच्या वहीतच आहे.

ही दुसरी पायरी अवघड आहे, पण अशक्य नाही, हे ‘टॅली’च्या इतिहासावरून दिसते. गिरण्या आणि कारखान्यांना कच्चा माल व यंत्रांचे भाग पुरवणारे व्यावसायिक श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या धंद्याला साजेसे हिशेबाचे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी आपला मुलगा भरत याला ते तयार करायला सांगितले आणि १९८६ मध्ये बंगळूरमध्ये त्यातून कंपनी उभी राहिली. भारतीय हिशेबनिसाच्या कामाची सवय ध्यानात घेऊन बनवलेले हे सॉफ्टवेअर तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले, ते शिकवणारे खासगी वर्ग जागोजागी निघाले आणि ‘टॅली येते’ ही नोकरीसाठी सांगण्याजोगी पात्रता झाली. मात्र टॅली बसले ते जिथे हिशेबनीस ठेवण्याइतका व्याप होता तिथे. ज्या दुकानात मालकच विक्रेता, हमाल आणि कारकून असतो, तिथे प्रत्येक वस्तूची विक्री नोंदवणे हे वाढीव काम आहे आणि त्या कामाचा मोबदला दिसल्याशिवाय ते कोणी करणार नाही. बारकोड असलेल्या पुड्यांच्या बाबतीत ते सोपे आहे. सुटा गूळ, मोजून दिलेले तेल आणि महिन्याच्या बोलीवर नेलेला किराणा यांच्या बाबतीत नाही.

वस्तुविक्रीच्या खुल्या जाळ्याचा म्हणजे ओएनडीसीचा प्रवास येथेच मंदावतो. डिसेंबर २०२१ मध्ये ना-नफा कंपनी म्हणून स्थापन झालेल्या आणि एप्रिल २०२२ मध्ये पाच शहरांत चाचणी सुरू केलेल्या या व्यवस्थेमागचा विचार उत्तम आहे: एकाच बड्या संकेतस्थळाच्या दारात विक्रेत्याला उभे न करता, कोणत्याही ॲपवरील ग्राहकाला कोणत्याही ॲपवरील विक्रेत्याकडून खरेदी करता यावी. परंतु पैसे पाठवण्यासाठी खात्याची ओळख पुरते आणि माल विकण्यासाठी मालाची ताजी यादी, किंमत, शिल्लक, पोहोचवण्याची सोय आणि परतीची जबाबदारी एवढे सगळे लागते. ज्या दुकानाची खतावणीच डिजिटल नाही, त्याला असे जाळे आज फारसे देऊ शकत नाही.

सक्तीने आलेली नोंद हा या कहाणीचा दुसरा प्रवाह आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि त्याच्या रचनेतच डिजिटल विवरण गृहीत होते. या करात खरेदीदाराने आपल्या खरेदीवर भरलेला कर त्याला विक्रीवरील करातून वजा करून मिळतो. परंतु पुरवठादाराने आपले विवरण भरून ते बिल दाखवले असेल तरच ही वजावट मिळते, असा नियम जानेवारी २०२२ पासून कडक झाला. परिणामी मोठा कारखाना आपल्या लहान पुरवठादारामागे विवरणासाठी लागतो आणि जो पुरवठादार ते वेळेत भरत नाही त्याचे काम तोडतो. उलाढालीची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या व्यवसायांना ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी यंत्रणेत नोंदवून क्रमांक घेतलेले बिल, बंधनकारक झाले. भोसरी-चाकणमधील सुट्या भागांच्या कारखानदारांपासून कोल्हापूरच्या फाउंड्रीपर्यंत अनेकांना संगणकीय हिशेबाकडे नेले ते या साखळीने. हे डिजिटायझेशन खरे आहे, पण त्यातून निर्माण झालेली नोंद सुरुवातीची अनेक वर्षे सरकारला आणि मोठ्या खरेदीदाराला उपयोगी पडली. लहान कारखानदाराच्या वाट्याला कर सल्लागाराची फी आणि उशीर झाल्यास दंड एवढेच आले.

लहान कारखानदाराला या नोंदीतून काय मिळायला हवे, हे त्याच्या मुख्य दुखण्यावरून ठरते आणि ते दुखणे थकलेल्या येण्याचे आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्याने सूक्ष्म व लघु उत्पादकाचे आणि सेवा पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देण्याचे बंधन खरेदीदारावर घातले आहे आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज देण्याची तरतूद केली आहे. कायदा इतका स्पष्ट असूनही फारसा वापरला जात नाही, कारण ज्या कंपनीवर आपले सत्तर टक्के काम अवलंबून आहे तिच्यावर व्याजाचा दावा लावणे म्हणजे ते काम गमावणे. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात भर घालून, अशी रक्कम मुदतीत न दिल्यास त्या वर्षी खरेदीदाराला ती खर्च म्हणून दाखवता येणार नाही, असा उपाय केला. हेतू चांगला होता, तरी काही खरेदीदार नोंदणीकृत लहान उद्योगांऐवजी नोंदणी नसलेल्यांकडे वळत असल्याच्या तक्रारी लगेच झाल्या. नोंदणीचे ओझे लहानावर आणि तिच्यापासून पळण्याची मुभा मोठ्याला, हा विसंवाद तिथेही दिसला.

या दुखण्यावरचा अधिक खोल उपाय जुन्या व्यापाराला परिचित असलेल्या हुंडी वटवण्याच्या पद्धतीतून आला आहे. मुदतीची हुंडी हातात असलेला व्यापारी ती सावकाराकडे थोड्या कसरीवर वटवून रोख घेई आणि मुदत भरल्यावर सावकार ती रक्कम देणेकऱ्याकडून वसूल करी. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१४ मध्ये आखणी केलेल्या आणि २०१७ पासून प्रत्यक्षात आलेल्या ट्रेड्स या व्यवस्थेत हेच ऑनलाइन घडते. लहान पुरवठादार आपले बिल मंचावर चढवतो, खरेदीदार कंपनी ते मान्य करते, मान्य झालेल्या बिलावर अनेक बँका व वित्तसंस्था व्याजदराची बोली लावतात आणि पुरवठादाराने पसंत केलेल्या बोलीनुसार रक्कम एक-दोन दिवसांत त्याच्या खात्यात येते. खरेदीदाराने पुढे पैसे चुकवले तरी बँक पुरवठादाराकडे मागायला येत नाही, हा यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. तारण मागितले जात नाही आणि व्याजाचा दर पुरवठादाराच्या नव्हे, मोठ्या कंपनीच्या पतीवर ठरतो. ५०० कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना या मंचावर नोंदणी बंधनकारक होती. नोव्हेंबर २०२४ च्या अधिसूचनेने ही मर्यादा २५० कोटींवर आणली. कमकुवत दुवा एकच आहे आणि तो मोठा आहे: कंपनीने नोंदणी केली तरी बिल मान्य करण्याची घाई तिला नसते, आणि मान्य न केलेले बिल या मंचावर निव्वळ कागद असतो. माल पोहोचल्यानंतर ठरावीक दिवसांत आक्षेप न घेतल्यास बिल आपोआप मान्य समजले जावे, अशी तरतूद सर्व ठिकाणी कडकपणे अमलात आली, तर लहान कारखानदारासाठी ती कोणत्याही प्रशिक्षण योजनेपेक्षा मोलाची ठरेल.

ज्यांचे ग्राहक कंपन्या नाहीत, त्या दुकानदार व विक्रेत्यांसाठी पतीचा मार्ग वेगळा आहे. लघुउद्योगांच्या प्रश्नांचा अभ्यास करणाऱ्या यू. के. सिन्हा समितीने २०१९ मध्ये या क्षेत्राच्या कर्जाची तूट २० ते २५ लाख कोटी रुपयांची असल्याचा अंदाज मांडला होता. बँका कर्ज देताना तारण आणि ताळेबंद मागतात आणि लहान दुकानदाराकडे दोन्ही नसते. त्याच्याकडे रोजची विक्री असते, पण ती आजवर कोणाला दाखवता येत नव्हती. यूपीआयच्या आणि कराच्या नोंदीने ती दाखवता येऊ लागली आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेली अकाउंट ॲग्रिगेटर व्यवस्था याच कामासाठी आहे: खातेदाराने संमती दिल्यावर, ठरलेल्या हेतूपुरती आणि ठरलेल्या मुदतीपुरती, त्याची बँक खात्याची किंवा कराची माहिती कर्ज देणाऱ्या संस्थेला पोहोचवली जाते, मधल्या संस्थेला ती वाचता किंवा साठवता येत नाही आणि संमती मागे घेता येते. १ जून २०२० रोजी सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेने तर फेरीवाल्यांसाठी पतीची शिडीच तयार केली. सुरुवातीच्या रचनेत १०,००० रुपयांचे पहिले कर्ज वेळेत फेडल्यावर २०,००० आणि मग ५०,००० रुपये मिळत, व्याजात ७ टक्के सवलत होती आणि डिजिटल व्यवहारांवर वर्षाला १,२०० रुपयांपर्यंत परतावा होता. रक्कम लहान असली तरी रस्त्यावर भाजी विकणाऱ्या विक्रेत्याला बँकेच्या दफ्तरी नाव मिळणे ही गोष्ट लहान नाही, कारण एरवी त्याचे भांडवल सकाळी घेऊन संध्याकाळी फेडायच्या सावकारी पैशांवर चालते.

हाच प्रवाह उलटा वाहिला तर काय होते, हे जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात दिसले. तेथील व्यापारी कर विभागाने यूपीआय सेवा देणाऱ्या कंपन्यांकडून माहिती मिळवून, नोंदणीच्या मर्यादेहून जास्त रक्कम खात्यात आलेल्या हजारो छोट्या व्यापाऱ्यांना मागील काही वर्षांच्या कराबद्दल नोटिसा पाठवल्या. मालाच्या विक्रीसाठी ही मर्यादा वर्षाला ४० लाख रुपये आणि सेवांसाठी २० लाख रुपये आहे. नोटिसा आलेल्यांत भाजी आणि दूध अशा करमुक्त वस्तूंचे विक्रेतेही होते. खात्यात आलेला प्रत्येक रुपया विक्रीचा नसतो. हातउसने, भिशीची रक्कम, घरच्यांनी पाठवलेले पैसे हे सारे त्याच क्यूआरवर येते, आणि चहाच्या टपरीच्या उलाढालीत नफ्याचा वाटा किती थोडा असतो हे एकूण रकमेवरून कळत नाही. काही दिवसांतच बंगळूरच्या रस्त्यांवर क्यूआरच्या चौकटी उतरल्या आणि फक्त रोख स्वीकारण्याच्या पाट्या लागल्या. पुढे राज्य सरकारने, नोंदणी करणाऱ्यांकडून जुनी थकबाकी वसूल केली जाणार नाही, असे जाहीर केले. कर विभागाचा अधिकार कायद्याने होता, यात वाद नाही. पण ज्या विक्रेत्याला गेली पाच वर्षे ‘डिजिटल व्हा’ असे सांगितले गेले, त्याला त्या नोंदीचा पहिला ठळक परिणाम नोटीस म्हणून दिसला. नोंदीमुळे कर्ज मिळाल्याची बातमी पसरायला वर्षे लागतात, नोटिशीची बातमी एका दुपारी बाजारभर होते.

हा प्रश्न कारखान्याच्या आतही आहे. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे हे शहर विकेंद्रित वस्त्रोद्योगाचे मोठे केंद्र झाले. तेथे व्यापाऱ्याकडून सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणाऱ्या यंत्रमागधारकाला खर्चीवाला म्हणतात आणि त्याची मजुरी कापडातील आडव्या धाग्यांच्या मोजणीवर, म्हणजे पिकावर, पैशांत ठरते. मागावर संवेदक बसवून विणलेले पीक, थांबलेला वेळ आणि तुटलेले धागे यांची नोंद घेणे आज तांत्रिकदृष्ट्या सहज शक्य आहे. ही नोंद खर्चीवाल्याच्या हाती असेल, तर वीज गेल्यामुळे किंवा सुताच्या खराब दर्जामुळे किती नुकसान झाले हे तो दाखवू शकेल आणि मजुरी ठरवताना त्याची बाजू बळकट होईल. तीच नोंद फक्त व्यापाऱ्याच्या संगणकात जात असेल, तर ती मजुरी कापण्याचे साधन होऊ शकते. यंत्र तेच, खर्च तोच. फरक नोंदीच्या मालकीने पडतो. म्हणून अशा समूहांमध्ये अनुदान द्यायचे ते एकेकट्या मागाला न देता यंत्रमागधारकांच्या सहकारी संस्थेला, आणि नोंदीचा ताबा त्या संस्थेकडे राहील या अटीवर देणे अधिक शहाणपणाचे आहे. सहकाराची परंपरा असलेल्या महाराष्ट्रात अशा रचनेसाठी नवी संस्था शून्यातून उभी करावी लागणार नाही.

मदतीचे माध्यम कोण, हाही विचार करण्याजोगा भाग आहे. लहान व्यावसायिक ज्याच्यावर खरोखर विसंबतो तो माणूस म्हणजे तालुक्याचा कर सल्लागार, हिशेब लिहिणारा अर्धवेळ कारकून किंवा महा ई-सेवा केंद्र चालवणारा तरुण. उद्यम या संकेतस्थळावरील नोंदणी विनामूल्य आहे, तरी तिच्यासाठी पैसे मोजलेले व्यावसायिक सर्वत्र भेटतात, कारण अर्ज भरून देणारा माणूस त्यांना लागतोच. धोरणे या मध्यस्थाला टाळू पाहतात. त्याऐवजी त्यालाच ट्रेड्स, संमतीने माहिती देणे, फसवणुकीपासून बचाव या गोष्टी शिकवून, जोडून दिलेल्या प्रत्येक व्यवसायामागे ठरावीक मानधन दिले, तर शिबिरांवर होणारा खर्च अधिक उपयोगी पडेल. फसवणुकीचा विषय तर टाळताच येत नाही. पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, ही एक गोष्ट नीट न कळल्यामुळे अनेकांची खाती रिकामी झाली. व्यक्तीकडून व्यक्तीला पैशांची मागणी पाठवण्याची सोय नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, ती अशाच प्रकारांमुळे. फसवणूक झाल्यावर १९३० या क्रमांकावर पहिल्या तासाभरात फोन केला तर रक्कम अडवण्याची शक्यता वाढते. हा क्रमांक क्यूआरच्या प्रत्येक चौकटीवर मराठीत छापणे ही बिनखर्चाची सुधारणा आहे.

स्त्रियांच्या व्यवसायांत नोंदीच्या मालकीचा प्रश्न सर्वांत उघड होतो. २०२३-२४ च्या पाहणीनुसार एकल मालकीच्या आस्थापनांपैकी २६.२ टक्के स्त्रियांच्या आहेत. पण मसाले कुटून विकणाऱ्या किंवा शिवणकाम करणाऱ्या स्त्रीच्या दारातील क्यूआर जर पतीच्या किंवा मुलाच्या खात्याला जोडलेला असेल, तर विक्री तिची आणि पत त्याची, अशी स्थिती तयार होते. पुढे कर्जासाठी ती बँकेत गेली की तिच्या नावावर दाखवायला काही नसते. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवड येथे चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने १९९७ मध्ये उभ्या राहिलेल्या माणदेशी महिला सहकारी बँकेचा अनुभव येथे मार्गदर्शक आहे. बँकेने पिन क्रमांकाची कल्पना मांडली तेव्हा स्त्रियांनी ती नाकारली आणि अंगठ्याचा ठसा मागितला, कारण पिन घरातला कोणीही काढून घेऊ शकतो, अंगठा नाही. या मागणीत तंत्रज्ञानाची भीती नव्हती. आपल्या पैशावर आपला ताबा राहावा यासाठी कोणते तंत्रज्ञान हवे, याची अचूक जाण होती. उमेद अभियानातील बँक सखी आज गावोगाव खाती उघडून देण्याचे आणि पैसे काढून देण्याचे काम करतात. क्यूआर लावताना तो व्यवसाय चालवणाऱ्या स्त्रीच्याच खात्याला जोडला आहे ना, तिच्या नावाने उद्यम नोंदणी झाली आहे ना आणि मोबाइल क्रमांक तिचा स्वतःचा आहे ना, या तीन गोष्टींची तपासणी त्यांच्या कामात समाविष्ट करता येईल आणि त्यासाठी नव्या योजनेची गरज नाही.